गॅलरीतले मिस्त्री

पुण्याच्या सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी पोह्यांच्या वासात कधीकधी शिलाई मशीनच्या तेलाचा वास मिसळतो. तसं झालं की समजावं, कुठल्यातरी गॅलरीत एक गृहस्थ जुना पेपर अंथरून, मुलाची सायकल उलटी करून बसले आहेत. पुढचा ब्रेक सुटलाय, एवढंच मुलगा म्हणाला होता. त्यावर बाबा उद्गारले, "त्यात काय एवढं?" हे शब्द ज्या घरात उच्चारले जातात, तिथे दुपारचं जेवण तीनच्या आत होत नाही.

यांना कंजूष म्हणणं अन्यायाचं होईल. यांनी ऑनलाइन मागवलेल्या पान्यांच्या संचाच्या पैशांत कोपऱ्यावरच्या दुकानदाराने असे कितीतरी ब्रेक लावून दिले असते. पण दुकानदारासमोर उभं राहून "जरा बघता का?" म्हणायचं, म्हणजे आपल्याला यातलं कळत नाही हे कबूल करायचं. या गृहस्थांनी अशी कबुली आजवर इन्कम टॅक्सच्या बाबतीतही दिलेली नाही.

शिवाय त्यांना खरोखरच एक ब्रेक कळतो. तो त्यांच्या वडिलांच्या ॲटलसचा. त्याला वायर नव्हतीच, सळया होत्या. मूठ दाबली की सळई वर ओढली जायची आणि रबर रिमला आतून टेकायचं. सगळं डोळ्यांना दिसायचं. मुलाच्या सायकलला आहे व्ही-ब्रेक; शिमानो या जपानी कंपनीने १९९६च्या सुमारास बाजारात आणलेला. चाकाच्या दोन बाजूंना दोन दांड्या, आणि वायर एका वाकड्या नळीतून एका दांडीच्या खाचेत शिरून दुसरीला बांधलेली. चाक काढायचं असेल तर दांड्या चिमटीत दाबून नळी खाचेतून सोडवायची. शनिवारी सायकल गाडीच्या डिकीत घालताना मुलाने नेमकं तेच केलं होतं. ती नळी पुन्हा खाचेत बसवायची, एवढंच काम होतं.

"बाबा, ही नळी इथे..."

"तू फक्त टॉर्च धर."

भर उन्हात टॉर्च धरला जातो. पाच मिलिमीटरच्या ॲलन कीने वायरीचा बोल्ट सोडवला जातो, आणि इथून परतीची वाट बंद होते. कारण बाहेर ओढलेल्या वायरीचे पीळ सुटतात, टोकाचा झाडू होतो आणि तो सहजासहजी पुन्हा आत जात नाही. मग उत्साहाच्या भरात रबरंही निघतात. त्यांचे फुगीर आणि खोलगट वॉशर जोडीने बसतात, त्यांची अदलाबदल झाली की रबर तिरकं होतं. तसंच ते होतं, आणि रिम सोडून टायरला घासू लागतं.

"अहो, पानं वाढू का?"

"झालंच!"

ब्रेक आता किंचाळत असतो. किंचाळणाऱ्या गोष्टीला तेल लावायचं, हा दारांच्या बिजागऱ्यांवर सिद्ध झालेला नियम रबराला लावला जातो. आवाज तत्काळ थांबतो. सायकल मात्र थांबेनाशी होते. पार्किंगमधल्या चाचणीत मुलगा चपला घासत कसाबसा कुंडीपाशी उभा राहतो, तेव्हा बाबा म्हणतात, "रबराची क्वालिटीच राहिली नाही हल्ली."

संध्याकाळी मिरवणूक दुकानात जाते. दुकानदार मान वर न करता विचारतो, "तेल कोणी घातलं?" बाबा समोरच्या टायरांच्या किमती वाचू लागतात. तो नवी वायर ओवतो, रिम पुसतो, रबरावरून पॉलिशपेपर फिरवतो, वॉशर सरळ करतो आणि शेवटी दांड्या चिमटीत धरून नळी खाचेत बसवतो. मुलगा बाबांकडे बघतो. बाबा टायरांकडेच बघत असतात.

पैसे देऊन थोडं पुढे आल्यावर ते मूठ दोनदा दाबून बघतात. "वायर जरा सैल ठेवलीय त्याने," ते म्हणतात. "घरी गेल्यावर बघू."