जाळावरचा फ्रिज

थंडावा हवा असेल तर आधी जाळ करायचा, ही कल्पना नागपूरच्या माणसाला सुचणं शक्य नाही. आमच्याकडे एप्रिल लागला की चूलसुद्धा डोळ्यांसमोर नको असते. बायका सकाळी आठच्या आत स्वयंपाक उरकून ओट्याकडे पाठ फिरवतात, ती संध्याकाळपर्यंत. ही कल्पना सुचली स्वीडनमधल्या दोन पोरांना, कारण तिकडे जाळाजवळ बसणं हे सुख असतं. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ साली असा फ्रिज तयार केला की ज्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, फिरणारा एकही भाग नाही. खाली ज्योत लावा, वर बर्फ घ्या. पुढे १९२५ साली इलेक्ट्रोलक्सनं तो बाजारात आणला, आणि शंभरेक वर्षांनी तो आमच्या साडूंच्या गाडीत येऊन बसला.

आमचे साडू म्हणजे भाऊसाहेब. सिंचन खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त. आयुष्यभर सरकारी जीपमधून धरणं पाहत फिरल्यामुळे घरी बसणं त्यांना जमत नाही, आणि आयुष्यभर सरकारी विश्रामगृहात राहिल्यामुळे हॉटेलचं भाडं देणं जमत नाही. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा ती बातमी त्यांनी कापून देवघराच्या खणात ठेवली होती. मग एक दिवस कुणा हौशी माणसानं मिनीबसमधून करून घेतलेली सेकंडहँड कॅरॅव्हॅन त्यांच्या दारात उभी राहिली. आत दोन पलंग, नळ, ओटा, एक ‘व्यवस्था’ (संडासाला भाऊसाहेब याहून स्पष्ट बोलत नाहीत) आणि ओट्याला लागून तो परदेशी फ्रिज. गॅसवर चाले, गाडीच्या बॅटरीवर चाले, घरच्या विजेवरही चाले. तिन्हींवर चाले आणि थंड मात्र कशावरच होत नसे.

याचं शास्त्र भाऊसाहेब कोणालाही, न विचारता, कागदावर काढून दाखवत. नळीत पाणी आणि अमोनिया. ज्योतीच्या आचेनं अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जातो, तिथं हवेला उष्णता देऊन त्याचा द्रव होतो. मग तो हायड्रोजनच्या संगतीत येतो, त्याची पुन्हा वाफ होते, आणि वाफ होताना तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. शेवटी पाणी त्याला परत आपल्यात सामावून घेतं. “गेला अमोनिया, आला अमोनिया,” असं म्हणून ते पेन्सिल खाली ठेवत. आइन्स्टाइननंही लिओ झिलार्डच्या जोडीनं असाच बिनमोटरीचा फ्रिज काढून १९३० साली अमेरिकेत पेटंट घेतलं होतं, हे सांगताना तर आइन्स्टाइन पूर्वी वैनगंगा खोऱ्यात यांच्याच हाताखाली होता असा त्यांचा सूर लागे.

“सगळं खरं जी,” आमच्या मेहुणीबाई म्हणत, “पण मग दूध काहून फाटलं?”

उत्तर त्याच कागदावर होतं. अमोनियानं हवेला उष्णता द्यायची, हे ठीक. पण हवेनं ती घ्यायला हवी ना! नागपुरात मे महिन्यात हवा स्वतःच आपली उष्णता कुणाच्या गळ्यात मारता येईल का ते पाहत फिरत असते. फ्रिजच्या मागच्या पट्टीवर कोणत्या हवामानासाठी तो बनवला त्याचं अक्षर असतं. ‘एन’ असेल तर बाहेर ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ असेल तर ३८, आणि ‘टी’ म्हणजे उष्ण कटिबंधवाला असेल तर ४३. म्हणजे जगाच्या हिशेबात उष्ण कटिबंध ४३ अंशांवर संपतो. त्यापुढे नागपूर सुरू होतं. भाऊसाहेबांच्या फ्रिजवर ‘एन’ होतं.

३० मे २०२४ रोजी तर शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं. हवामान खात्यानं लगेच खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. देशाला त्या आकड्याचा धक्का बसला, नागपूरकरांना खुलाशाचा. आमच्या गल्लीत अजूनही लोक सेन्सरच्याच बाजूचे आहेत.

या फ्रिजचं दुसरं दुखणं म्हणजे तो गाडीत राहायला आला होता, पण त्याला गाडी चढ-उतारावर चालत नसे. आतला द्रव नुसत्या आपल्या वजनानं वाहतो. फ्रिज कलला की तो नळीत भलतीकडेच तुंबून बसतो आणि खालची आच रिकामी नळी भाजत राहते. पहिल्या सहलीला भाऊसाहेबांनी ठिकाण निवडलं चिखलदरा. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, आणि थंड हवेच्या ठिकाणी सपाट जागा असती तर लोकांनी तिथं सोयाबीन पेरलं असतं. गाडी थांबली की भाऊसाहेब गवंड्याची पाणसळ काढून ओट्यावर ठेवत. मग कोणत्या चाकाखाली किती विटा, याची पाहणी. तोवर आम्ही सगळे रस्त्याकडेला उभे, कारण आत माणसं हलली की बुडबुडा हलतो. देवी पॉइंट राहिला, भीमकुंड राहिलं, पण विटा लावून झाल्या. वाटेत पेट्रोलपंप आला की आधी ज्योत विझवायची. पुढे जाऊन पुन्हा पेटवायची, म्हणजे रस्त्यावर पालथं पडून एवढ्याशा काचेतून निळं काही दिसतं का ते बघायचं. दिसलं तरी भरवसा नाही. बाहेरच्या जाळीतून उन्हाची एक झळ आली की फुक्क.

परतीच्या वाटेवर अमरावतीच्या अलीकडे भाऊसाहेबांनी एका रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी घेतली आणि फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. फ्रिज थंड राहावा म्हणून.

मेहुणीबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या आपल्या जुन्या फ्रिजच्या अंगावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, “हा पाहा, बिचारा भाषण देत नाही का काही नाही. गपचूप बर्फ करून राहिला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही नवा फ्रिज घ्यायला बर्डीच्या बाजारात. दुकानातल्या पोरानं सवयीनं विचारलं, “कोणत्या माळ्यावर न्यायचा काका? लिफ्ट आहे?”

“माळा नाही. गाडीत ठेवायचा आहे.”

“हाव ना, आपली गाडी येते घरपोच.”

“घरपोच नको. गाडीत ठेवायचा, गाडीतच राहील.”

पोरगं जरा थांबलं. मग समजुतीच्या सुरात म्हणालं, “ढाबा टाकून राहिले का काका?”

घेतला तो साधा एकदारी, १९० लिटरवाला. भाऊसाहेबांनी त्यासाठी वहीत आकडेमोड केली होती आणि ती, खरं सांगायचं तर, बिनचूक होती. असा फ्रिज वर्षाला दीडशे-दोनशे युनिट खातो, म्हणजे दिवसाला अर्धा युनिट. दीडशे अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर एक युनिट आणि आठशे वॅट-तास. त्यातली निम्मी वापरायची, नाहीतर बॅटरी लवकर मरते. तरीही दिवसभर भागतं, उन्हाळ्यात जरा कमी. कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवाला घ्यायचा, तो सुरू होताना एकदम झटका घेत नाही. बॅटरीची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र मात्र शुद्ध साइन वेव्हचं हवं, स्वस्तातल्या यंत्रावर कॉम्प्रेसर तापतो आणि कण्हतो. गाडी चालू असली की अल्टरनेटर बॅटरी भरतो, उभी असली की छतावर सोलर. जाळ नाही, पाणसळ नाही, विटा नाहीत.

अडचण निराळीच निघाली. फ्रिज दारातून आत जाईना.

वाडीला ट्रकांच्या बॉड्या बांधणारा एक मिस्त्री भाऊसाहेबांनी गाठला होता. त्यानं टेप लावला, परत लावला, विडी शिलगावली. “भाऊसाहेब, दार लहान आहे.” मग म्हणाला, “नाहीतर फ्रिज मोठा आहे.” एवढं निदान झाल्यावर मागची काच रबरासकट काढली गेली आणि चार माणसांनी फ्रिज उभाच्या उभा खिडकीतून आत घेतला. आडवा करायला भाऊसाहेबांची सक्त मनाई, कारण आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. समोरच्या गच्चीवर तोवर बायका जमल्या होत्या. एकीनं आमच्या मेहुणीबाईंना विचारलंसुद्धा, “घर बदलून राहिले का हो?”

जुन्या फ्रिजची खोबण अरुंद, म्हणून शेजारचं कपाट कापलं. वरचं फडताळ गेलं. गॅसची नळी तोडून तिच्या तोंडावर पितळी टोपी बसवली. गाडीच्या अंगातली जुनी जाळी पत्र्यानं बंद केली. गॅसची ब्याद गेली म्हणून मेहुणीबाईंनी हात जोडले, तेव्हा भाऊसाहेबांनी कर्तव्य म्हणून सांगितलं की या नव्या फ्रिजच्या पोटातही आयसोब्युटेन नावाचा गॅसच आहे, तोही पेट घेतो, पण असतो जेमतेम मूठभर ग्रॅम. हे नसतं सांगितलं तर चाललं असतं.

फ्रिज हलून वाजू नये म्हणून मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना थर्माकोल ठासून भरला. भाऊसाहेब ओरडलेच. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजची गरम नळी मागे दिसत नाही, ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असते. हात लावून पाहा, पत्रा कोमट लागतो. तोच दुलईत गुंडाळला तर उष्णता जायची कुठं? थर्माकोल निघाला, बोटभर फट आली आणि फ्रिज लोखंडी पट्ट्यांनी फळीला बांधला. उरला दाराचा प्रश्न. घरातल्या फ्रिजला गतिरोधक भेटत नाहीत. गाडीतला पहिल्याच गतिरोधकाला दार उघडून दही, लोणचं आणि कैरीचं पन्हं घेऊन सगळ्यांच्या भेटीला आला. त्यावर मिस्त्रीनं जाड कडी-कोयंडा ठोकला. नव्या कोऱ्या चकचकीत दारावर गोठ्याची कडी, पण अगदी समृद्धी महामार्गावरून हाकली तरी आता डबे जागच्या जागी.

आणि बर्फ होतो! नवतपा चालू, बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय आणि गाडीत आम्ही बर्फ घालून पन्हं पीत होतो. भाऊसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मात्र घरचा फ्रिज आला की त्याच्याबरोबर घरची माणसं येतात. आधी त्याच्या डोक्यावर क्रोशाचं कापड आलं. मग दारावर संत्र्याच्या आकाराचं चुंबक, त्याखाली दूधवाल्याचा हिशेब. मग कालच्या वरणाची वाटी, वर बशी. परदेशी फ्रिजमध्ये कालचं वरण ठेवायची कुणाची हिंमत नव्हती, ते आजचंही टिकत नसे. लग्नसराईत शेजाऱ्यांच्या लक्षात आलं की गल्लीत एक मोठा, रिकामा, चाकांवरचा फ्रिज उभा आहे. एकानं खवा ठेवला. दुसऱ्यानं पनीर. समोरच्यांच्या जावयासाठी सावजीचं मटण मुरवत ठेवलं गेलं, आणि त्याच कप्प्याखाली कुणाचा तरी उपासाचा श्रीखंडाचा डबा होता, त्यावरून जी बोलाचाली झाली ती गाडीच्या दारात झाली. खिडकीतून एक वायर घरात गेली, गाडी कायमची प्लगला लागली. ताडोब्याचं बुकिंग होतं, ते पुढे ढकललं, कारण खवा परत द्यायचा तर ज्यांचा तो ते लग्नाला वर्ध्याला गेलेले. भाऊसाहेबांना विचारलं, “निघायचं कधी?” तर म्हणाले, “फ्रिज रिकामा झाला की.”

मेहुणीबाई आता रोज दुपारी गाडीतच बसतात. पाणी गार, माणसांची ये-जा आहे, पण पंख्याला गरम हवा येते अशी त्यांची तक्रार. म्हणून परवा मिस्त्री पुन्हा आला आणि टेप घेऊन छतावर चढला. वरूनच ओरडला, “कूलर बसते भाऊसाहेब! मोठ्ठा, वाळ्याच्या ताट्यांचा. पण मग गाडी लोहापुलाखालून नाही जात.”

भाऊसाहेबांनी सावलीतून मान वर केली. “लोहापुलाखालून जायचं कोणाले आहे? तू बसव.”