कुत्र्यांचे वस्ताद

‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ ही म्हण गेल्या वर्षभरात आपल्याला किती जणांनी ऐकवली, याची नोंद वस्तादांच्या वहीत आहे. पहिल्या महिन्यात 39, दुसऱ्या महिन्यात 31, मग उतरत उतरत श्रावणात शून्य. “मार्केट बदलूलालंय, गुरुजी,” असं ते मला वही दाखवून म्हणाले. मी मास्तर माणूस, मला त्यात मार्केट दिसलं नाही. म्हणी सांगणारी माणसं श्रावणात भजनाला बसलेली असतात, एवढंच दिसलं.

आमच्या बेळगावच्या पट्ट्यात दर गावाला असा एक जण असतोच. वय चाळिशीच्या आतबाहेर, केस कानावर तासलेले, मिशी आणि इस्त्री दोन्ही कडक. सतरा वर्षं फौजेत काढून आलेला. सांबऱ्यापासून निपाणीपर्यंत कुठल्याही गावच्या रस्त्यावर पहाटे पाचला एकटाच ताठ मानेनं पळताना दिसेल. पेन्शन चालू असते, अंगातली रग शाबूत असते आणि आपण पाचला सांगितलं की माणसं साडेपाचला येतात, याचा संताप असतो. अशांपैकी कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो, कुणी भरतीच्या पोरांची अकॅडमी काढतो, कुणी सोसायटीच्या निवडणुकीत उतरतो आणि तिथंच राहतो. आमच्या वस्तादांनी कुत्र्यांची शाळा काढली.

त्यांची नोकरीच कुत्र्यांत गेली. फौजेची कुत्री मेरठला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात 1960 पासून तयार होतात. तिथं शिकून ते डॉग हँडलर झाले आणि दारूगोळा हुंगणाऱ्या लॅब्राडॉरच्या संगतीनं दोन हिवाळे बर्फात राहिले. मुलगी बघायला गेले, तेव्हा त्यांनी आधी तिच्या अंगणातल्या कुत्र्याला जवळ बोलावलं म्हणे. कुत्रा आला. पोह्यांची बशी हातात यायच्या आत लग्न ठरलं.

‘शाळा’ हा शब्द मात्र गावानं दोन दिवसांत मोडीत काढला. आमच्या सांबऱ्यात हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. कदमताल म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाबाहेरून बघत आलंय. त्याच्यासमोर उसाच्या कडेची बारा गुंठ्यांची पट्टी कोण शाळा म्हणणार? शिवाय आमच्याकडं अंग घडवायची जागा ती तालीम आणि घडवणारा तो वस्ताद. झाली कुत्र्यांची तालीम. वस्तादांना पहिल्यांदा राग आला. मग गावच्या खऱ्या तालमीचे म्हातारे वस्ताद आपलं पिल्लू काखेत मारून आले आणि भर मैदानात यांना “काय वस्ताद, फी किती?” म्हणाले. त्या दिवसापासून राग गेला. फीही घेतली नाही.

बोर्डाचं प्रकरण झालं ते त्याच्याही आधी. कर्नाटकात 2024 पासून दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं. वस्तादांना सगळ्या भाषा बोलता येतात आणि एकही धड लिहिता येत नाही. कन्नड चुकलं तर एक मंडळ येणार, मराठी बारीक झालं तर दुसरं. त्यांनी पेंटरला सांगितलं, साठ टक्के जागेत कुत्रा काढ आणि उरलेल्यात मोबाईल नंबर. पेंटरचा हात यात्रेच्या कमानी रंगवण्यात बसलेला. त्यानं काढलेला जर्मन शेफर्ड लांबून सिंहासारखा दिसतो. पहिले चार फोन सर्कशीबद्दल आले.

खंडेनवमीला उद्घाटन झालं. माणसं कोयता, नांगर, मोटारसायकल पुजतात. वस्तादांनी पट्टे, साखळ्या आणि शिट्टी पाटावर मांडून झेंडू वाहिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली बॅच. सात कुत्री, त्यांतल्या चौघांचं नाव चार्ली. 2022 मध्ये ‘777 चार्ली’ हा कन्नड सिनेमा येऊन गेला, तेव्हापासून बेळगावच्या आसपास पिवळं लॅब्राडॉर आणलं की दुसरं नाव सुचेनासंच झालंय. वस्तादांनी “चार्ली, कम!” असा हुकूम सोडला. चौघंही आले आणि त्यांच्या मागून साखळ्यांना लोंबकळत चार मालक आले. फौजेत वायरलेसवर चार्ली म्हणजे ‘सी’. वस्तादांनी तिथल्या तिथं एकाला चार्ली ठेवून बाकीच्या तिघांना अल्फा, ब्राव्हो आणि डेल्टा करून टाकलं. अल्फाच्या मालकीणबाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या घरी तो चार्लीच आहे.

माणूस कामात कसा आहे, हे बघायचं तर त्यांना कुत्र्याला बसायला शिकवताना बघावं. बहुतेक मालक कुत्र्याच्या कमरेवर हात दाबून “बस, बस” करतात. कुत्रं उलट जोर लावून उभं राहतं. दाबलं की ताठायचं, हे कुत्र्यालाही कळतं. वस्ताद त्याला हात लावत नाहीत. उकडलेल्या कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरतात, नाकाशी नेतात आणि संथपणे वर, डोक्यावरून पाठीकडं सरकवतात. नाक तुकड्याच्या मागं जातं, मान वर होते, आणि मान वर गेली की मागची बाजू आपोआप खाली टेकते. टेकली रे टेकली की तुकडा तोंडात. सेकंदभरही उशीर नाही. उशीर झाला तर ते बक्षीस बसल्याचं न राहता पुन्हा उठल्याचं होतं. हे दहा वेळा झाल्यावर अकराव्यांदा ते तोंडानं “सिट” म्हणतात. “आधी काम, मग नाव,” असं ते मला एकदा म्हणाले. तीस वर्षं मी पोरांना आधी व्याख्या पाठ करायला लावतोय. मी विषय बदलला.

चालताना कुत्रं डाव्या हाताला. का, तर उजवा हात हत्याराला मोकळा पाहिजे. एका किराणा दुकानदारानं विचारलं, “माझ्या उजव्या हातात पिशवी असते, चालंल काय?” वस्तादांनी बराच विचार करून परवानगी दिली.

आता कलेजी. बेळगावात अर्धी घरं कलेजीचं नाव काढलं की दार लावून घेणारी. जैनांच्या घरी सुक्या खोबऱ्याचा तुकडा चालला, लिंगायतांच्या घरी पनीर. कॅम्पातल्या एका घरी मात्र महिन्यानं बघतात तो कुत्रा पिंपासारखा झालेला. घरच्या आजी ‘बस’ म्हटल्यावर चमचाभर कुंदा देत होत्या. कुत्रं दिवसाकाठी पन्नास वेळा बसायचं, न सांगता. वस्तादांनी आजींना समजावलं की खवा-साखर कुत्र्याला वाईट. आजी म्हणाल्या, “होय की, म्हणूनच थोडाच देतो.”

सीमाप्रश्न 1956 पासूनचा. सर्वोच्च न्यायालयात तो 2004 पासून आहे. वस्तादांच्या मैदानात तो दुसऱ्याच आठवड्यात आला.

वस्तादांचे हुकूम फौजेतले, म्हणजे इंग्रजी. मैदानात कुत्री ते ऐकत. घरी गेली की बहिरी. मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या, तशी वस्तादांनी घरोघर फेरी काढली. निलजीच्या एका घरात नवरा मराठी, बायको कन्नड शाळेत शिकलेली, मुलं इंग्रजी मीडियमची, भांड्यांना येणारी मावशी यरगट्टीकडची. कुत्र्याला नवरा “बस” म्हणे, बायको “कुंद्रु”, मुलं “सिट” आणि मावशी नुसतं “हत्!” कुत्रं मधोमध उभं. कुणाचं मन राखावं, या विचारात त्या जनावराची भूक गेलेली.

याहून पुढचा घोळ शब्दांच्या आवाजाचा. वस्ताद रागावले की “बॅड!” म्हणत आणि कुत्रं कान पाडी. इथपर्यंत ठीक. पण आमच्या बाजूच्या कन्नडात ‘नको’ला ‘ब्याड’ म्हणतात. दारात भाजीवाला आला, बाईंनी आतून “ब्याड, ब्याड!” असं ओरडून सांगितलं की इकडं लॅब्राडॉर पलंगाखाली तोंड लपवून पडलेलं. काय गुन्हा केला ते त्याला आठवत नसे, पण केला असणार, असं धरून चालणारी ती जात. दुसऱ्या एका घरी आजोबांना फोनवर “काय सांगू बा तुला” म्हणायची सवय. कन्नडात ‘बा’ म्हणजे ये. आजोबांनी मुंबईच्या मुलाला गाऱ्हाणं सांगायला घेतलं की दर वाक्याला कुत्रं त्यांच्या मांडीवर.

सगळ्यांत कडी ‘नाही’ची. गावठी मराठीत त्याचा उच्चार ‘न्हाई’, घाईत ‘नाई’. कन्नडात ‘नायी’ म्हणजे कुत्रा. एका मराठी मालकानं चपला खाणाऱ्या पिल्लाला महिनाभर बोट नाचवून “नाई! नाई!” असा दम दिला. त्या पिल्लाचे पहिले तीन महिने बागलकोट रस्त्यावरच्या एका कन्नड शेतकऱ्याच्या गोठ्यात गेले होते. त्याला वाटलं, धनी हाक मारतोय. ते शेपूट हलवत, तोंडात चप्पल धरून, धावत यायचं.

त्या रात्री वस्तादांनी वही काढली. फौजी वही, रेघा आखलेली, लाल शाईचं मार्जिन. रकाने असे: कुत्रा, जात, घर, हुकूम कोण देतो, कुठल्या भाषेत. मग प्रत्येक घरी जाऊन सगळ्यांना ओसरीवर बसवायचं आणि एकेका कामाला एकच शब्द ठरवून घ्यायचा. कुत्र्याला भाषेचं काही नाही, शब्द रोज तोच पाहिजे. खरी लढाई त्या ओसऱ्यांवर झाली. मुतग्याच्या एका घरात ‘थांब’ की ‘निंद्रु’ यावर सासू-सुनेचं आठ दिवस बोलणं बंद होतं. शेवटी दोघींनाही परका म्हणून ‘स्टॉप’ पसंत पडला. असे तह वस्तादांनी वर्षात सतरा केले. त्यांच्या वहीत आज आमच्या सगळ्या परगण्याची भाषिक पाहणी आहे. एखाद्या विद्यापीठानं ती बघावी असं मला वाटतं. कुत्र्यांचा रकाना झाकून.

मुधोळ कुत्र्यापुढं मात्र त्यांची वही चालली नाही. सांबऱ्यावरनं जाणारा रस्ता लोकापूरला पोचतो आणि तिथून मुधोळला फाटा आहे. तिथल्या घोरपडे राजांनी या लांब पायांच्या, खपाटीला गेलेल्या पोटाच्या शिकारी कुत्र्यांना नाव मिळवून दिलं. 2005 मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं. फौजेनं काही पिल्लं मेरठला नेऊन पारखली आणि 2021 मध्ये चार पिल्लं हवाई दलाच्या आग्र्याच्या तळावर धावपट्टीवरची पाखरं उठवायला गेली. ही बातमी वाचल्यापासून वस्ताद सांबऱ्याच्या धावपट्टीकडं वेगळ्याच नजरेनं बघतात. त्यांच्याकडं मुधोळ आला तो हलग्याच्या एका हौशी कंत्राटदाराचा. मुधोळ नाकापेक्षा डोळ्यानं चालणारं कुत्रं; लांब काही हललं की कान बंद. वस्तादांनी साखळी सोडली, “स्टे” म्हटलं, आणि उसातून एक ससा निघाला. त्यानंतर त्या पट्टीवर फक्त धूळ होती. मुधोळ संध्याकाळी बाळेकुंद्रीत सापडला, एका लग्नाच्या मांडवात. पाहुण्यांनी त्याला वराकडचा समजून जेवू घातलं होतं.

धंद्याचं म्हणाल तर फी महिन्याला चार हजार. कागदावर. उधारी हा सिव्हिलियन लोकांचा रोग आहे, असं वस्तादांचं निदान. कुणी बासमतीचं पोतं आणून टाकलं, कुणी दोन पोती रताळी. एकानं “कुत्रा हुशार झालाय, पण मला ओळखंना” म्हणून निम्मे पैसे कापले. वर्षाअखेर हिशेब केला तर शिल्लक रताळीच. पण पट वाढला. सातवरून सव्वीस. आमच्या मराठी शाळेच्या पहिलीचा पट त्याच वर्षात अकरावर आला. हे वाक्य विनोदाच्या लेखात बसत नाही, तरी राहू दे.

आणि काळ्या. काळ्या वस्तादांच्या घरचा गावठी कुत्रा. ते फौजेत असतानाच आईनं पोसलेला. तालमीच्या फाटकात आडवा पडणं, एवढंच त्याचं काम. वस्तादांनी कलेजी दाखवली, शिट्टी वाजवली, तिन्ही भाषा वापरल्या. काळ्या एक डोळा उघडून बघायचा आणि मिटायचा. नवं गिऱ्हाईक आलं की वस्ताद पडलेल्या आवाजात सांगत, “ते आमचं न्हवं, शेजाऱ्याचं हाय.”

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. पाटावर पट्टे, साखळ्या, शिट्टी आणि या खेपेला ती वही, तिच्यावर हळद-कुंकू. मी प्रसादाला गेलो होतो. तेवढ्यात फाटकाशी मोठी पांढरी गाडी आली, मागच्या सीटवर एसीत बसवलेला हस्की. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, ते कुणीतरी फारच मनावर घेतलं होतं. गाडीनं हॉर्न दिला. काळ्या आडवा. पुन्हा हॉर्न. वस्ताद ताठ उभे राहिले, शिट्टीकडं हात गेला; ती पाटावर पुजलेली. त्यांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि घराकडं तोंड करून गळा काढला, “आई!”

आई हातात भाकरी घेऊन बाहेर आली. काळ्या उठला, अंग झटकलं, तिच्यापुढं जाऊन सरळ बसला. पाठ ताठ, कान उभे, अगदी मेरठचं शिक्षण झाल्यासारखा.

“काय म्हणालीस गे त्याला?” वस्तादांनी विचारलं.

“मी कुठं काय बोललो?” म्हणत ती आत गेली.

वस्तादांनी कुंकवाची वही उचलली, शेवटचं पान काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. मी वाकून पाहिलं. कुत्रा: काळ्या. जात: गावठी. घर: आमचं. भाषेच्या रकान्यात आडवी रेघ. आणि हुकूम: ‘आई’.