वेळोवेळी भेट द्यावी

मार्च 2019 मध्ये ज्या पोरांनी 'जिल्हा परिषद, अहमदनगर' निवडून ग्रामसेवकाचा फॉर्म भरला, त्यांच्यातल्या नशीबवानांच्या हाती नेमणुकीचा कागद पडेपर्यंत जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं होतं आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. नामांतर हेही सरकारीच काम. 31 मे 2023 ला चौंडीत घोषणा झाली, मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने होकार दिला, ऑक्टोबरात अधिसूचना निघाली. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं चालत आलेलं नाव सरकारने दीड वर्षाच्या आत बदलून दाखवलं. मनात आणलं तर सरकारला काय जमत नाही! भरती तेवढी मनात यायची राहून जाते.

त्या 2019 च्या भरतीचं चरित्र थोडक्यात सांगतो. सविस्तर सांगायचं तर दिवाळी अंक काढावा लागेल. राज्यातल्या जिल्हा परिषदांची मिळून तेरा हजारांवर पदं, फॉर्म भरायचे महापरीक्षा पोर्टलवर. पोरांनी लाखोंनी भरले. मग लोकसभेची आचारसंहिता आली, विधानसभेची आली, सरकार बदललं, 2020 मध्ये ते पोर्टलच बंद झालं, पाठोपाठ कोरोना आला. 2021 मध्ये आरोग्याच्या पदांपुरती तारीख पडली आणि पुढे ढकलली गेली. ऑक्टोबर 2022 मध्ये अख्खी भरती रद्द झाली. फी परत मिळणार होती. त्यासाठी आणखी एक फॉर्म भरायचा होता. ऑगस्ट 2023 मध्ये नवी जाहिरात पडली, 19460 पदांची. फी खुल्या गटाला 1000, मागासवर्गीयांना 900. ग्रामसेवकाची परीक्षा उजाडली ती जून 2024 मध्ये.

माझा भाचा पारनेर तालुक्यातला. कॉलेजातली पोरं बॅच सांगतात तशी ही पोरं भरतीची बॅच सांगतात. हा 2019 चा. फॉर्म भरला तेव्हा फोटोत मिसरूड होतं, आता समोरून कपाळ बरंच वर सरकलंय. कागदपत्रांची फाईल मात्र त्याने जिवापाड जपली आहे. बटणवाली प्लॅस्टिकची निळी फाईल, तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, एमएससीआयटी, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि तळाशी पासपोर्ट फोटोंचं पाकीट. यातल्या नॉन-क्रिमीलेयरला मुदत असते. ती संपली की सेतूत जा, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आण, परत रांगेत उभा राहा. उमेदवाराच्या प्रत्येक कागदाला मुदत आहे. फॉर्मची मुदत तर शेवटच्या दिवशी रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी संपते, आणि साडेअकरापासून सर्व्हर भोवळ आल्यासारखा गोल गोल फिरत बसतो. बिनमुदतीचं या सगळ्यात एकच, ते म्हणजे पलीकडच्या बाजूचं काम.

तरी उशिराबद्दल माझी फार तक्रार नाही. उशिराला कारणं असतात आणि ती सगळीच आळशीपणाची नसतात. बिंदुनामावली तपासून यावी लागते, आकृतिबंध मंजूर व्हावा लागतो, आरक्षणाचं काही ना काही कोर्टात असतं. आपल्या अकोले तालुक्याचा काही भाग पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित, क्षेत्रात येतो, तिथल्या पदांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यामुळे तलाठ्यांच्या भरतीत राज्यातल्या 23 जिल्ह्यांच्या याद्या जानेवारी 2024 मध्ये लागल्या आणि नगरसह 13 जिल्हे मागे राहिले. हे समजण्यासारखं आहे. शिवाय थांबण्याची सवय आपल्याला कुणी लावायला नको. कुकडीच्या कालव्याच्या शेपटाला कर्जतकडे ज्याची जमीन आहे त्याला विचारा. आवर्तन लांबतं, वरचे पाणी ओढतात, ऊस माना टाकतो. पण पाटकरी भेटला की सांगतो, "आज श्रीगोंद्यात आहे, तुमच्याकडं यायला अजून आठ दिवस." शेतकरी चार शिव्या देतो आणि घरी जाऊन झोपतो. झोप लागते, कारण निरोप मिळालेला असतो.

भरतीला पाटकरी नाही, एवढंच माझं म्हणणं.

बरं, निरोप पाठवता येत नाही असंही नाही. फी भरली रे भरली की मोबाइल टिंग करतो. नाव, अर्ज क्रमांक, रक्कम, सगळं बिनचूक. म्हणजे यांच्याकडे पोराचा नंबर आहे, ई-मेल आहे, कायमचा पत्ता आहे, पत्रव्यवहाराचा पत्ता आहे, फोटो आहे, सही आहे, आणि 2023 च्या फॉर्मात तर डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसासुद्धा आहे. पूर्वीच्या सावकाराकडेही एवढा ऐवज नसायचा. आणि इतकं सगळं गोळा करून झाल्यावर जाहिरातीच्या शेवटी, डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, लिहिलेलं असतं की उमेदवारांनी संकेतस्थळास वेळोवेळी भेट द्यावी, स्वतंत्र पत्रव्यवहार केला जाणार नाही.

भाचा वेळोवेळी भेट देतो. सकाळी उठल्यावर, दूध घालून आल्यावर, दुपारी अभ्यासिकेत, रात्री झोपताना. नवससायास केलेल्या देवालाही आपण इतकं जात नाही. तिथे 'नवीन' असं लाल अक्षरांत काहीतरी लुकलुकत असतं, उघडावं तर दीड वर्षापूर्वीचं शुद्धिपत्रक निघतं. खाली मदतीसाठी फोन नंबर असतो. एकदा त्याने माझ्या देखत तो लावला. बराच वेळ वाजला, मग कुणीतरी उचलला.

"साहेब, परीक्षा कधी आहे?"

"वेबसाइटवर येईल."

"वेबसाइटवर काही नाही, म्हणून तर फोन केला."

"मग अजून आलं नसेल."

इतकं तर्कशुद्ध उत्तर मी शाळेत भूमितीच्या तासालाही ऐकलेलं नाही.

कधीकधी निरोप येतोही. पण त्याला एक वेळ साधायची असते. आरोग्य विभागाची परीक्षा 25 आणि 26 सप्टेंबर 2021 ला होती आणि ती पुढे गेल्याचं कळलं 24 च्या रात्री. तोवर राज्यभरातली पोरं एसटीत बसून परगावच्या केंद्राकडे निघालेली होती. तलाठ्यांचा किस्सा याहून गमतीचा. परीक्षा 57 सत्रांमध्ये झाली, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून गुणांचं नॉर्मलायझेशन केलं, आणि 200 मार्कांच्या पेपरात कुणाला तरी 214 मिळाले. राज्यभर गदारोळ उठल्यावर सरकारने सूत्र समजावून सांगितलं. सूत्र वेगवेगळ्या सत्रांच्या परीक्षांत वापरतात तेच होतं. पण हे आधीच, मराठीत, चार ओळींत सांगायला काय हरकत होती? माझ्या बहिणीचा प्रश्न सरळ होता. ती म्हणाली, "दोनशातले दोनशे चौदा? मंग वरचे चौदा कुणाचे कापले ते बघा आधी. आपल्याच्याचे असतील."

सरकारी मौनाचा विचार करताना मला आपला भुईकोट किल्ला आठवतो. 1942 च्या ऑगस्टपासून तिथे काँग्रेसची बहुतेक कार्यकारिणी कैदेत होती. नेहरूंनी 1944 मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहून काढलं, हे नगरच्या पोराला पाठ असतं, कारण ते सामान्य ज्ञानात येतं. कमी लोकांना माहीत असतात ती मौलाना आझादांची पत्रं. त्यांनी त्याच किल्ल्यात एका मित्राला मोठी जिव्हाळ्याची पत्रं लिहिली, चहावर, चिमण्यांवर, मनात येईल त्यावर. पाठवायची परवानगी नव्हती. लिहायचं आणि ठेवून द्यायचं. पुढे सुटकेनंतर त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. मला अलीकडे वाटतं, प्रत्येक कार्यालयात कुणीतरी एक मौलाना असणार. 'प्रिय उमेदवार, तुमच्या भरतीचं असं असं झालं आहे, जरा धीर धरा' अशी पत्रं तो रोज लिहीत असेल आणि परवानगीअभावी कपाटात ठेवत असेल. निवृत्तीनंतर छापेल.

बरं, आमचा जिल्हा या बाबतीत नुसता हात जोडून बसणारा नाही. माहितीच्या अधिकारासाठी राळेगणसिद्धीतून जे आंदोलन उभं राहिलं, ते देशाला ठाऊक आहे. त्याच आंदोलनाच्या रेट्यातून राज्यात दप्तर दिरंगाईविरुद्धचा कायदाही आला. त्यात स्पष्ट लिहिलंय, कोणतीही फाईल एका टेबलावर साधारणपणे सात दिवसांहून जास्त काळ, तेही कामकाजाच्या, राहता कामा नये. कायदा उत्तम आहे. फक्त टेबलं किती असावीत, यावर त्यात मर्यादा नाही.

भाच्याने माहितीच्या अधिकारातही अर्ज टाकला. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. उत्तर मुदतीत आलं, हे मुद्दाम नमूद करतो. उत्तर असं होतं की मागितलेली माहिती संकेतस्थळावर वेळोवेळी प्रसिद्ध करण्यात येते.

सरकार काही बोलत नाही म्हटल्यावर बोलणारे पुष्कळ तयार होतात. टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर चॅनेल निघतात. 'ब्रेकिंग! पुढच्या आठवड्यात हॉलतिकीट!' असं तिथे दर आठवड्याला येतं. अभ्यासिकेखालच्या चहावाल्याला मंत्रालयातली 'सूत्रं' ओळखतात. क्लासवाले जाहिरातीच्या अंदाजावर नवी बॅच सुरू करतात, आणि अंदाज चुकला तर फास्ट ट्रॅक बॅच. सर्वांत वाईट म्हणजे 'सेटिंग' करून देतो म्हणणारे दलाल. खरी तारीख आणि खरं कारण वेळेवर सांगितलं तर यातल्या निम्म्या लोकांचा धंदा बसेल. दर महिन्याच्या एक तारखेला 'या महिन्यात काहीही होणार नाही' एवढा एक एसएमएस पाठवला तरी पुरे. पोरगं तेवढ्या दिवसांत कांद्याची लागण उरकून येईल.

घरात तर वेगळीच परीक्षा चालू असते. सोयरिकीला आलेले पाहुणे विचारतात, "मुलगा काय करतो?" पूर्वी बहीण म्हणायची, "फॉर्म भरलाय." मग, "परीक्षा दिलीय." गेल्या वर्षी तिला सांगायला नवीन वाक्य मिळालं. यादी लागली, भाच्याचं नाव प्रतीक्षा यादीत आलं. इतकी वर्षं तो खासगीरीत्या वाट पाहत होता, आता ती शासनमान्य झाली. वाट पाहण्यात त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. यादीची मुदत वर्षाची. पाहुणे म्हणाले, "मग वर्षभराने येतो." भरतीपेक्षा पाहुण्यांची संवादाची पद्धत मला बरी वाटली; निदान तारीख देऊन गेले.

मधल्या काळात त्याने स्टँडजवळ छोटा गाळा घेतला. कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. इतके फॉर्म स्वतः भरलेले असल्यामुळे फोटो किती केबीचा लागतो ते तो झोपेत सांगतो. गाळ्यात त्याने एक लांबट वही ठेवली आहे. फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येक पोराचं, पोरीचं नाव, कोणती भरती, मोबाइल नंबर. काही हललं की एकेकाला फोन करतो: हॉलतिकीट आलंय, तुझं केंद्र संगमनेर नाही, पुणे आहे, सकाळी लवकर निघ, उत्तरतालिका आलीय, हरकत घ्यायची असेल तर परवापर्यंत. काही हललं नसलं तर 'अजून काही नाही' असंही कळवतो. जामखेड-पाथर्डीची पोरंसुद्धा आता हटकून त्याच्याकडे येतात, शेजारच्या दुकानात फॉर्म दहा रुपयांनी स्वस्त भरून मिळत असतानाही.

परवा मी गाळ्यात बसलो होतो. फोन वाजला, भाचा एकदम ताठ होऊन "हो साहेब, हो साहेब" करायला लागला. मला वाटलं, आली ऑर्डर. त्याने फोन ठेवला आणि वही पुढे ओढली.

"कोण होतं रे?"

"ऑफिसातले साहेब होते, मामा. त्यांच्या पुतण्याने फॉर्म भरलाय. विचारत होते, परीक्षेचं तुमच्या ग्रुपवर काही आलंय का? नंबर लिहून घे म्हणाले."