म्युटवरचा शेजारधर्म

सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टँकर कधी येणार हे सोडून बाकी सगळं कळतं. पहाटे वाफाळत्या चहाच्या चित्रासह सुविचार येतो. पाठोपाठ तोच सुविचार तिसऱ्या मजल्यावरून पुन्हा येतो, कारण पहिला कुणी वाचलेलाच नसतो. कुणाच्या निधनाची बातमी पडली की 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते आणि मध्येच एखादे काका 'हार्दिक अभिनंदन' टाकून मोकळे होतात. अंगठा मात्र लग्नापासून दहाव्यापर्यंत कुठेही चालतो.

वैतागलेल्यांची सोय व्हॉट्सॅपने केव्हाच केली आहे. २०२० पासून ग्रुप कायमचा म्युट करता येतो. २०२२ पासून तर गुपचूप बाहेरही पडता येतं. सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. पण अ‍ॅडमिन म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी आणि पार्किंगचं वाटप त्यांच्याच हातात! शिवाय बाहेर पडलो, तर मेंटेनन्सवरून कुणाचं कुणाशी वाजलं हे कळणार कसं? म्हणून आवाज बंद ठेवायचा आणि डोळे उघडे.

लिफ्टमध्ये शेजारी समोर आलाच, तर बोलायची सक्ती नाही. दोघांनीही मोबाइलमध्ये डोकं घालावं. ग्रुपवर त्यानेच काहीतरी टाकलेलं असतं.