कठड्यावरचा दादा

महाविद्यालयात मेंटॉर नावाची एक सोय असते. ठरावीक मुलांमागे एक प्राध्यापक, प्राध्यापकांकडे एक फाइल, आणि फाइलमध्ये मुलांच्या सह्या. नॅकची तपासणी आली की फाइल टेबलावर येते. सल्ला मात्र मिळतो ऑफिसच्या खिडकीबाहेर, झेरॉक्सवाल्याशेजारच्या कठड्यावर. तिथे दादा बसलेला असतो.

पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे तीन पॅटर्न दादाने जवळून पाहिलेत. 2013च्या पॅटर्नमध्ये तो आत आला, 2019च्या पॅटर्नमध्ये त्याचं अकाउंट्स अडकलं, आणि आता 2024च्या पॅटर्नवर तो मार्गदर्शन करतो. नियम सरांनी परिपत्रकात वाचलेले असतात; दादाने ते अंगावर झेललेत. नापास झाल्याशिवाय एटीकेटीचा नियम खऱ्या अर्थाने कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

"मेजर काय?"

"कॉमर्स."

"आणि ओपन इलेक्टिव्हही कॉमर्सचंच टाकलंस? उडणार. ते दुसऱ्या शाखेचं लागतं. खोड आणि पुन्हा भर. पेनने भरलंस? मग नवा फॉर्म आण, दोन आण."

व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस ही अक्षरं सर चष्मा लावून कागदावरून वाचतात. दादाला तोंडपाठ. सत्राला किमान 20 क्रेडिट, थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, हा हिशेब तो चहा फुंकत सांगतो. क्रेडिट बँकेचा आयडी का निघत नाही, हेही त्यालाच माहीत: आधारवर आडनाव शेवटी, दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी वरचे 4 क्रेडिट कसे मिळवायचे, तेही तो बिनचूक सांगतो. स्वतः बाहेर पडायचा विचार त्याच्या मनाला कधी शिवलेला नाही. बँकेत जमा क्रेडिट सात वर्षं टिकतात, हे सांगताना मात्र त्याचा आवाज जरा हळवा होतो.

मेंटॉर सर वर्गात येतात, कागद फिरवतात. "अडचणी" या रकान्यात पहिल्या बाकावरची मुलगी "नाही" लिहिते, तेच शेवटच्या बाकापर्यंत जातं. परवा एकीने धीर करून विचारलं, "सर, मायनर बदलता येईल का?" सरांनी दाराबाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दादाला विचार. आणि काय म्हणाला ते मलाही सांग."

दादाचा दोष एकच. विषय सुचवताना तो तासिका सकाळची की दुपारची, इंटर्नलला कोणाचा हात सैल, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात का, एवढंच बघतो. तुला काय आवडतं, हे तो विचारत नाही. सरांच्या फॉर्ममध्ये आवडीचा रकाना आहे म्हणा. त्यात सगळे "वाचन" लिहितात.

तेव्हा पालकहो, जूनमध्ये प्रवेशाला गेलात तर आधी कठड्यावर जा आणि दादाला चहा पाजा. फॉर्म तो चोख भरून देईल. मुलाला कुठला विषय आवडतो, तेवढं मात्र घरून विचारून निघा.