काजवे आणि कर्तव्यदक्ष दादा

मेअखेरीस भंडारदऱ्याच्या बाजूला भरणाऱ्या पर्यावरण शिबिरातील दादा-ताईंचे जाहीर अभिनंदन व्हायला हवे. 'प्लास्टिक टाळा' हा संदेश त्यांनी भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापून थेट जांभळाच्या खोडाला चार खिळ्यांनी ठोकला. कागद वापरला असता, तर नाहक एखादे झाड गेले असते!

काजवे लुकलुकून जोडीदार शोधतात. हा सोहळा मुलांना नीट दिसावा म्हणून दादांनी एसी बसचे हेडलाइट रात्रभर चालू ठेवले. काजवे दिसेनासे झाले, पण त्यांची माहिती देणारा फलक अगदी स्वच्छ वाचता आला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र 'फोटो काळे येताहेत' अशी रास्त तक्रार आली. सबब, पुढच्या तुकडीपासून हिरड्याच्या झाडांवर एलईडी माळा सोडण्यात येतील. त्या पावसाची वाट बघत नाहीत, रिमोटवर लुकलुकतात आणि सेल्फी होईपर्यंत जागच्या हलत नाहीत.

शेवटच्या रात्री एक खराखुरा काजवा तंबूत शिरला. 'किडा! किडा!' असा एकच गलका झाला. दादांनी प्रसंगावधान राखून डासांचा स्प्रे मारला.

समारोपात 'काजवामित्र' पुरस्कार त्यांनाच, एकमताने.