जवळचा निवारा शोधा

हॅकेथॉन म्हटलं की बेघरांना निवारा, दवाखाना आणि कामधंद्याशी जोडणारं ॲप काढायची हौस कुणाला तरी हटकून येतेच. ॲप दिसायला देखणं. रंग डोळ्यांना थंड, बटणं गोलसर. फक्त नोंदणीत लाल चांदणी लावलेला रकाना : कायमचा पत्ता. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मग आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. फुटपाथवर झोपणाऱ्याचा मोबाइल बहुधा उशाखालूनच जातो. उरला तर चार्ज कुठे करायचा? (चाचणीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, चाचणी घेणारे आणि देणारे, सगळे घरून आले होते.)

समजा, गडी पुढे सरकला. आता ‘जवळचा निवारा शोधा’. दर लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी किमान एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची. म्हणजे निवारे सव्वाशेच्या आसपास हवेत. नकाशावर तेवढ्या खुणा टोचायला पोरांना दोन मिनिटं पुरतील. जमिनीवर मात्र तो आकडा अजून बराच लांब आहे.

मंडळी, आधी खाटा वाढवा. ॲप काय, शनिवार-रविवारात होतं.